मालकीच्या कागदावरचा भाडेकरू

आमची इमारत पुनर्विकासाला जायची आहे, म्हणून गेल्या पावसाळ्यात माळा आवरायला घेतला. तिथे वडिलांचा पत्र्याचा डबा मिळाला. डब्यात भाडेपावत्या होत्या. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते, त्याच्या. सगळ्यात जुनी पावती १९५२ची, भाडे अकरा रुपये. सगळ्यात अलीकडची १९७८ची, भाडे अकरा रुपये. सव्वीस वर्षांत मालकांची सही जाऊन त्यांच्या मुलाची सही आली आणि पुढे तर पावत्याच संपल्या. १९६६पासून डब्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या आहेत. मालक राहत होते आमच्या खोल्यांच्या नेमके समोर, चौकापलीकडे. चौदा-पंधरा पावलांवर. तरी भाडे पोस्टाने जात होते.

त्याच आठवड्यात मुंबईहून मुलाचा फोन आला. तो आणि सून प्रभादेवीला एकतिसाव्या मजल्यावर भाड्याने राहतात. खिडकीतून समुद्र दिसतो. त्यांच्याच इमारतीत तसाच फ्लॅट विकायला निघाला होता. किंमत चार कोटी. त्यांचे सध्याचे भाडे महिना नव्वद हजार. “बाबा, घेऊ का, की भाड्यानेच राहू?” मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, “घेऊन टाक. भाड्याच्या घराला काय अर्थ आहे?” फोन ठेवला आणि डबा पुन्हा उघडला. भाड्याच्या घराला अर्थ नसतो हे मला कोणी शिकवले? वडिलांनी तर सव्वीस वर्षे भाड्याच्या घरात काढली, आणि आजोबांना आयुष्यात कधी घर विकत घ्यावेसे वाटल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणजे ही शहाणीव वाटते तितकी जुनी नाही. ती कुठून आली याचा शोध घ्यायचा म्हणून हा लेख.

जुन्या पुण्यात भाड्याने राहण्यात कमीपणा नव्हता. ‘बिऱ्हाड’ हा शब्दच पाहा. त्यात घरापेक्षा माणसे आणि भांडीकुंडी जास्त आहेत. बिऱ्हाड करतात, थाटतात, हलवतात, मोडतात. विकत घेत नाहीत. पेशवाई संपल्यावर सरदारांच्या आणि सावकारांच्या मोठ्या वाड्यांचा खर्च त्यांच्या वारसांना झेपेना, तेव्हा मागचे चौक, माड्या, तबेले यांत भाडेकरू आले. शिक्षणासाठी, कचेरीतल्या नोकरीसाठी कोकणातून आणि देशावरून पुण्यात येणाऱ्याला घर मिळायचे ते असे. खुद्द लोकमान्य टिळक कुमठेकर रस्त्यावरच्या विंचूरकर वाड्यात बिऱ्हाडाने राहत होते. १८९२च्या सुमारास विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते तिथेच. गायकवाड वाडा त्यांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला तो १९०५मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीच्या आसपास. तोवर ‘केसरी’चा संपादक, विधिमंडळाचा सभासद आणि राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा भोगून आलेला पुढारी भाडेकरूच होता, आणि त्यावरून कोणी त्यांना नावे ठेवली नाहीत.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याची मात्र गरज नाही. वाड्यात खोली मिळण्याआधी आडनाव विचारले जाई. ते पटले नाही की खोली ‘कालच दिलेली’ असे. नळ एक, संडास दोन, बिऱ्हाडे नऊ, अशी आमच्या वाड्याची रचना होती. दिंडीला रात्री दहाला कडी लागायची. नाटकाहून उशिरा येणाऱ्याला कोणाला तरी उठवावे लागे. पण मालकालाही त्याच नळावर यावे लागे. पुण्याच्या वाड्यात आणि मुंबईच्या चाळीत हा एक मोठा फरक होता. मुंबईत चाळीचा मालक पेढीवर बसलेला असे, भाडे वसूल करायला त्याचा मेहता येई. पुण्यात मालक आणि भाडेकरू यांची मुंज-बारशी एकाच चौकात होत. पुढे बिघडलेल्या नात्याला जी कडवट चव आली ती या जवळिकीमुळे.

बिघडायला सुरुवात झाली ती मुंबईच्या टंचाईतून. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्यासाठी १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने घरे पाडली भराभर, बांधली सावकाश. त्यात पहिले महायुद्ध आले. बांधकाम थांबले, माणसे वाढली, भाडी भडकली. १९१८मध्ये सरकारने युद्धकाळापुरता भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो काही वर्षांनी संपला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच परिस्थिती आली आणि १९३९ व १९४४ असे दोन कायदे झाले. त्यांची जागा घेतली ती १९४७च्या ‘मुंबई भाडे नियंत्रण कायद्या’ने. १३ फेब्रुवारी १९४८पासून तो लागू झाला, आणि मुंबईबरोबर पुण्यालाही.

या कायद्याचा गाभा दोन-तीन कलमांत सांगता येतो. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते तेच तिचे ‘स्टँडर्ड रेंट’. जागा त्यानंतर प्रथम भाड्याने दिली असेल तर त्या पहिल्या वेळचे भाडे. त्यावर वाढ नाही, फक्त पालिकेचे कर वाढले तर किंवा मालकाने काही सुधारणा केली तर थोडीफार मुभा. भाडेकरू भाडे भरत आहे तोवर त्याला काढता येणार नाही. काढायचे तर थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने जागा न वापरणे, मालकाला स्वतःला खरी गरज असणे, अशी ठरावीक कारणे कोर्टात सिद्ध करावी लागतील. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होईल. भाड्याव्यतिरिक्त पागडी घेणे हा गुन्हा.

१९४८ साली हा कायदा योग्यच होता असे माझे मत आहे. युद्ध संपलेले, सिमेंट-लोखंडाची चणचण, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे कल्याणपासून पिंपरीपर्यंत येऊन पडलेले. त्या वर्षी भाडी मोकळी सोडली असती तर पगारदार माणूस रस्त्यावर आला असता. कायदाही तात्पुरता म्हणूनच केलेला होता. पण मुदत संपत आली की ती वाढवायची, हे पुढची पन्नास वर्षे चालले. भाडेकरूंची मते जास्त आणि मालकांची कमी, हा हिशेब कोणत्याही पक्षाला समजण्यासारखा होता.

आमच्या वाड्यात त्याचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आधी मालकांनी चुना लावणे बंद केले. मग कौले शाकारणे बंद केले. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली लावावी लागत. दुरुस्ती मालकाचे कर्तव्य, असे कायदा म्हणत होता. पण नऊ बिऱ्हाडांचे मिळून महिना शंभर रुपयांच्या आत भाडे घेणारा माणूस दीडशे वर्षांच्या वाड्याचे सागवानी खांब कशातून बदलणार? वडील म्हणायचे, ‘कायदा आपल्या बाजूने आहे.’ तो होताही. एकदा चौकातल्या दिव्याची वायर कोणी तरी कापली. भाडेकरूंची वीज-पाणी तोडायला कायद्याने बंदी असल्याने प्रकरण स्मॉल कॉज कोर्टात गेले. त्यानंतर मालकांनी आमच्याकडून हाती भाडे घेणे बंद केले. भाडे घेतलेच नाही तर थकबाकी दाखवता येते, म्हणून. त्यावर वकिलाने वडिलांना मनीऑर्डर करायला सांगितले. नाकारलेल्या मनीऑर्डरचा कागदही कोर्टात पुरावा होतो. डब्यातल्या पोचपावत्यांचा उगम हा असा आहे.

मालकांच्या आईंना आम्ही माई म्हणत असू. माई आषाढी-कार्तिकीला आमच्या आईला फराळाला बोलवत आणि आई जात असे. दोघींनी दाव्याचा विषय कधी काढला नाही. माईंना नंतरच्या दिवसांत औषधांना पैसे पुरत नव्हते, हे आईने मला फार उशिरा सांगितले. अकरा रुपयांत तेव्हा त्यांच्या औषधाची एक बाटलीही येत नव्हती. आमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून केलेला कायदा आम्हाला दुसऱ्याच्या अन्यायावर जगवत होता, हे त्या घरातल्या कोणाला कळत नव्हते असे नाही. पण कळून करणार काय? स्वतःहून भाडे वाढवून द्यावे, तर तेच पुढे ‘स्टँडर्ड रेंट’ नसल्याचा कबुलीजबाब ठरेल, असे वकील सांगे.

मुंबईने यावर आपली वाट काढली. पागडी गुन्हा असूनही उघड गुपित झाली. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून बाजारभावाच्या जवळपास रक्कम घेई, मालक त्यातला वाटा घेऊन नव्या नावाची पावती फाडी. भाडेकरूला विकता येणारी वस्तू मिळाली, मालकाला अधूनमधून घबाड. इमारती मात्र कोसळू लागल्या, तेव्हा १९६९मध्ये राज्याने इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. मुंबई शहर बेटावरच्या एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवून सरकारी दुरुस्ती सुरू झाली. हे मंडळ पुण्यासाठी नव्हते. भाडी गोठवणारा कायदा दोन्ही शहरांना सारखा आणि पडक्या भिंतीला टेकू देणारा एकालाच. पावसाळा आला की पुणे महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, एखाद्या वाड्याची भिंत पडल्याची बातमी येते आणि मालक-भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात, हे दृश्य माझ्या लहानपणापासून आहे.

पुण्यात ही कोंडी फोडली ती पाण्याने. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. दुपारपर्यंत नदीकाठचे नारायण, शनिवार, कसबा या पेठांचे भाग, डेक्कन जिमखाना पाण्याखाली गेले. मातीच्या भिंतींचे वाडे विरघळल्यासारखे बसले. आमचा वाडा उंचावर म्हणून वाचला. आमच्याकडे त्या रात्री चौकात मिळेल त्या जागी माणसे झोपली होती. सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी या पुराचा आणि पुनर्वसनाचा अभ्यास करून ‘डेल्यूज इन पूना’ हे पुस्तक लिहिले. पुण्याच्या घरांचा इतिहास समजून घेणाऱ्याने ते जरूर पाहावे.

पुराचे वर्णन अनेकांनी केले आहे. मला महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. वाहून गेलेल्या वाड्यात राहणारे बहुतेक लोक भाडेकरू होते. वाडा गेला तशी त्यांची गोठलेली भाडीही गेली. आधी त्यांना अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हटमध्ये ठेवले, मग गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत जागा दिल्या. पूरग्रस्तांच्या शंभराच्या आसपास सहकारी गृहरचना संस्था झाल्या. सहकारनगर या नावातच तो इतिहास आहे. पेठेतला पिढीजात भाडेकरू ओसाड माळावर, पर्वतीच्या मागे, सहकारी संस्थेचा सभासद झाला. त्याने ते मागितले नव्हते. पण दहा वर्षांनी पेठेतले नातेवाईक त्याच्याकडे जाऊन यायचे तेव्हा स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी पाहून परत यायचे. माझी आई सहकारनगरहून परतली की दोन दिवस गप्प असायची.

सहकारी संस्थेची कल्पना मुंबईची, आणि तिच्यामागे एक मराठी वाचकांनी विसरू नये असे नाव आहे : रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. गावदेवीला त्यांनी १९१५मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढली, ती देशातली या प्रकारची पहिली म्हणून ओळखली जाते. तेव्हा इंग्लंडमध्ये ‘को-पार्टनरशिप’ची चळवळ जोरात होती. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासदाने भाग विकत घ्यायचे आणि जागेचे भाडे संस्थेला द्यायचे. भाडे भरतो आणि नियम पाळतो तोवर त्याला कोणी काढणार नाही. पण जागा हा त्याचा व्यापाराचा माल नव्हे. म्हणजे प्रत्येक जण आपल्याच संस्थेचा भाडेकरू. मालकी आणि भाडे यांमधली ही वाट होती, आणि टंचाईच्या शहराला ती शोभणारी होती. तिच्यात एक उणीव जन्मापासून होती : संस्था बहुधा एका ज्ञातीची असे. वाड्याच्या दिंडीतला आडनावाचा प्रश्न उपविधीत जाऊन बसला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात असा निर्बंध वैध धरला, तेव्हा तो प्रश्न अजून गेलेला नाही हे दिसले.

साठच्या दशकात ही वाट बदलली. भाडेनियंत्रणामुळे भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा मूर्खपणा ठरला होता. ज्याच्याकडे पैसा होता तो बांधी आणि लगेच विकून मोकळा होई. मुंबईत समुद्रकाठी, मलबार हिल-कफ परेडच्या बाजूला, उंच इमारती याच सुमारास उठू लागल्या. त्या विकण्यासाठी होत्या, चाळींसारख्या भाड्याने देण्यासाठी नव्हेत. बिल्डरांच्या फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६३मध्ये ‘महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट’ करावा लागला. ‘मोफा’ नावाने तो आजही कोर्टात रोज उच्चारला जातो. मराठीत ‘ओनरशिप’ हे नाम झाले ते तेव्हापासून. ‘जोशांनी कर्वे रोडला ओनरशिप घेतली’ असे वाक्य मी लहानपणी ऐकले आहे. पुण्यात फ्लॅट म्हणत नसत, ब्लॉक म्हणत. ओनरशिपचा ब्लॉक.

तरीही ब्लॉक विकत घेऊन भाड्याने देणारे काही लोक होते. त्यांनी भाडेकरार टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट शोधली : हा भाडेकरू नव्हे, फक्त परवानगीने राहणारा. १९७३मध्ये विधिमंडळाने तीही बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो लायसन्सवर राहत होता तो तो त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू मानला जाईल, अशी दुरुस्ती झाली. एका तारखेला झोपेतून उठल्यावर हजारो मालकांचे घर परत मिळण्याची शक्यता संपली. पुढे १९८७मध्ये लायसन्सची मुदत संपल्यावर जागा लवकर सोडवण्याची तरतूद आली, १९९९च्या कायद्याने ती आणखी पक्की केली. पण धसका बसायचा तो बसला. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अमेरिकेतल्या मुलाचा ब्लॉक वीस वर्षे कुलूप लावून ठेवून होते, दर रविवारी जाऊन नळ सोडून येत. भाड्याने का देत नाही, असे विचारले की म्हणायचे, “घर देईन, पण परत कोण देणार?” २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शहरी भागांत वीस लाखांच्या आसपास घरे रिकामी निघाली, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत गुंतवणुकीची घरे पुष्कळ असणार. पण त्या गृहस्थांच्या कुलपाचाही त्यांत वाटा आहे.

याच काळात कर्जाची सोय झाली. १९७७मध्ये हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली, तेव्हा पगारदाराने पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्याने घर घ्यावे ही कल्पना आपल्याकडे नवीन होती. त्याआधी माणूस निवृत्तीच्या फंडातून घर घेई, तेही घेतले तर. पुढे सरकारने कर्जाच्या व्याजावर करसवलत दिली. २००१मध्ये ती वर्षाला दीड लाखापर्यंत आणि २०१४मध्ये दोन लाखांपर्यंत नेली. भाडे भरणाऱ्याला असा आधार मुख्यतः घरभाडे भत्त्यापुरता. १९६१मध्ये देशाच्या शहरांतली ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती, २०११मध्ये २८ टक्के. पन्नास वर्षांत शहरे एवढी वाढली, माणसे गावे सोडून एवढी आली, आणि भाड्याची घरे प्रमाणाने निम्मी झाली. वडिलांनी १९७८मध्ये एरंडवण्यात ब्लॉक घेतला तो याच लाटेत. वाडा सोडताना त्यांनी मालकांच्या मुलाला खोल्यांची किल्ली नुसती दिली, एक पैसा न घेता. वाड्यातल्या इतरांनी त्यांना वेड्यात काढले. मला वाटते, त्या मनीऑर्डरींचा तो हिशेब असावा.

या कायद्याला शेवटी सर्वोच्च न्यायालयाने हात घातला. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात १९ डिसेंबर १९९७ रोजी न्यायालयाने म्हटले की, सुरुवातीला वाजवी असलेले हे भाडे गोठवणे काळाच्या ओघात मनमानी झाले आहे. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपत होती, म्हणून तो रद्द केला नाही. सरकारला नवा करायला सांगितले. नवा ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९’ ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडी कायदेशीर झाली, मोठ्या कंपन्या आणि बँका यांचे संरक्षण गेले. पण अकरा रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? सहा पैसे कमी आठ आणे. वाड्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. २०१४मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी खटल्यात असे ठरवले की, पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण खालची जमीन शिल्लक असते. पुराच्या वेळी हा निकाल असता तर नदीकाठच्या पेठांचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

मुलाच्या फोनकडे परत येतो. चार कोटींच्या घराचे वर्षाचे भाडे दहा लाख ऐंशी हजार. म्हणजे किमतीच्या पावणेतीन टक्के. तेच घर घ्यायचे तर ऐंशी लाख पदरचे आणि तीन कोटी वीस लाखांचे कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना पावणेतीन लाखांच्या वर जातो. शिवाय मुद्रांक शुल्क, सोसायटीचा देखभाल खर्च, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या सळयांची दर काही वर्षांनी येणारी दुरुस्ती. हिशेबाने पाहिले तर भाडे स्वस्त आहे, आणि त्याचे तो स्वतःही मला सांगत होता. घराच्या किमती पुढे दुप्पट होतील या भरवशावरच खरेदीचे गणित जुळते. तो भरवसा खरा की खोटा, हे मला ठरवता येत नाही. पण मी ‘घेऊन टाक’ म्हणालो तेव्हा मी गणित करत नव्हतो. मी मनीऑर्डरच्या पावत्यांतून बोलत होतो.

समुद्रकाठच्या उंच शहरांत सगळीकडे असेच आहे असे नाही. सिंगापूरने १९६०मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापून भाड्याच्या घरांनी सुरुवात केली, १९६४मध्ये ती विकायला काढली आणि १९६८पासून लोकांना भविष्यनिर्वाह निधीतून हप्ते भरू दिले. आज तिथले दहातले आठ लोक मंडळाच्या इमारतींत राहतात आणि त्यातले बहुतेक स्वतःला मालक म्हणवतात. ती मालकी नव्याण्णव वर्षांच्या लीजची आहे. मुदत संपली की घर सरकारकडे. म्हणजे तिथे सरकारने लांब मुदतीच्या भाडेकरूला मालक हे नाव दिले. आपल्याकडे कायद्याने भाडेकरूला नाव तेच ठेवून मालकाचे हक्क दिले, फक्त घर सांभाळण्याची जबाबदारी कोणाकडेच राहू दिली नाही.

आणि आपली ओनरशिप तरी कशाची? मोफाप्रमाणे संस्था नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. पुण्या-मुंबईत असंख्य संस्थांना हे कधीच मिळाले नाही. अखेर २००८मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली. आमच्या संस्थेचेही तसेच झाले. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मालमत्ता पत्रकावर आमचे नाव नव्हते. चाळीस वर्षे कर भरणारे आम्ही बारा मालक जमिनीच्या कागदावर नव्हतोच. त्या धावपळीत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र मी प्रथमच नीट वाचले. संस्थेचा वर्ग त्यावर लिहिलेला असतो. आमच्या प्रमाणपत्रावर लिहिले आहे : भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था. तालमकींच्या काळातला तो शब्द नियमांत तसाच राहिला आहे, आणि शहरातल्या हजारो ओनरशिप सोसायट्यांच्या प्रमाणपत्रांवर तो आहे. वाचकांनी आपापल्या सोसायटीच्या कपाटातले प्रमाणपत्र काढून पाहावे.

पुनर्विकासाला आमच्यातल्या दोघांचा विरोध होता. एक आजी आहेत, त्यांना जिना चढवत नाही पण घर सोडवत नाही. जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरतात. आम्ही बारापैकी दहा होतो. वाड्यात आम्हाला सव्वीस वर्षांत मालक बाहेर काढू शकले नव्हते, इथे आम्ही मतदान करून एका मालकिणीला बाहेर काढले. मीही हात वर केला होता.

नवी इमारत तयार होईपर्यंत तीन वर्षे बिल्डर भाडे देणार आहे. आम्ही जवळच दोन खोल्यांचा ब्लॉक पाहिला, दुसऱ्या मजल्यावर. घरमालक मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा, बंगळुरूला असतो. त्याने फोनवर विचारले, “काका, घरात किती जण? नॉनव्हेज नाही ना करत?” करार अकरा महिन्यांचा. परवा एजंटचा माणूस घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला. बायकोचा अंगठा लगेच उमटला. माझा उमटेना; वयाने रेषा पुसट होतात, असे तो म्हणाला. चौथ्या वेळी त्याने बोटाला जरा पाणी लावायला सांगितले, तेव्हा यंत्राने मला भाडेकरू म्हणून ओळखले. पावत्यांचा डबा त्या घरी नेणार आहे. मुलाने अजून काही ठरवलेले नाही.